पन्नाशीनंतर वजन उतरवताना: एकादशी की सायंकाळचे लवकर जेवण?

सोलापुरातील माझ्या नणंदबाईंपुढे हा पेच आहे. खर्चात उपवास महाग पडतो, कारण साबुदाणा, शेंगदाणे, तूप ज्वारीच्या भाकरीइतके स्वस्त नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे साबुदाण्यात जवळजवळ केवळ पिष्ट असते, आणि रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटून हाडे व स्नायू झिजू लागलेले असताना प्रथिनांची ही उणीव मला फार गंभीर वाटते. सायंकाळी सातला जेवून सकाळी सातपर्यंत काही न खाल्ल्यास भाकरी, मटकीची उसळ, ताक आणि चमचाभर शेंगाचटणी कायम राहते, म्हणून ते वर्षानुवर्षे निभते; मात्र घरचे दहाला जेवत असतील तर दोनदा वाढण्याचे कष्ट बाईलाच पडतात. श्रद्धा असणारीने एकादशी अवश्य करावी, वजनासाठी मात्र लवकर जेवण निवडावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणारीने दोन्हींपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.