गॉलच्या तटाआत राहायचं की तटाबाहेर?

श्रीलंकेतल्या गॉलच्या किल्ल्यात शिरायला तिकीट लागत नाही. सकाळी दहापासून पाचपर्यंत तो सगळ्यांचाच असतो. कोलंबोहून आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून आलेली गर्दी चर्च स्ट्रीटवर खरेदी करते, दीपस्तंभापाशी फोटो काढते आणि सूर्य बुडाला की परत जाते. तटाआतल्या हॉटेलाचं जादा भाडं खरं तर त्यानंतरच्या वेळाचं असतं, म्हणजे संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ. ते तास तुम्ही गल्ल्यांत, तटावर, ओसरीवर काढणार असाल तर आत राहा. रात्री दमून झोपणार आणि दिवसभर समुद्रावर लोळणार असाल, तर तेच पैसे बाहेर जास्त कामी येतील.

हा किल्ला म्हणजे ओस पडलेला अवशेष नव्हे. आत कोर्ट आहे, शाळा, मशीद, चर्च आहे आणि पिढ्यान् पिढ्या राहणारी कुटुंबंही आहेत. इथली पहिली तटबंदी पोर्तुगीजांची. त्यांचा सिलोनचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. १६४० मध्ये डचांनी गॉल जिंकलं आणि आज दिसतो तो दणकट तट उभा केला. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत १९८८ पासून नाव आहे. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं शहर उद्ध्वस्त झालं, आतला भाग या तटामुळे बराचसा वाचला.

तटाआतल्या हॉटेलांत पहिलं नाव येतं अमनगल्लाचं. १६८४ ची ही इमारत १८६० च्या दशकापासून ‘न्यू ओरिएंटल हॉटेल’ म्हणून चालत होती. नूतनीकरण करताना जुनं रूप जपलंय: उंच छत, खांबांचे पलंग, चकाकत्या लाकडी फरशा आणि रस्त्याकडेला लांबलचक व्हरांडा. मागे बाग, तिच्यात पोहण्याचा मोठा तलाव. एवढी मोकळी जागा किल्ल्यात दुसऱ्या हॉटेलाला क्वचितच मिळते. भाडं मात्र इतकं की त्यात तटाआतल्या पुढच्या दोन हॉटेलांपैकी एकात साधारण दोन रात्री, कधी जास्तही निघतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हरांड्यातला संध्याकाळचा चहा बाहेरून आलेल्यांनाही मिळतो. केवळ वास्तूचं आकर्षण असेल तर चहा इथे प्या आणि झोपायला दुसरीकडे जा. खोली घ्यायची ती बाग, तलाव आणि स्पा मनसोक्त वापरायला, म्हणजे निदान दोन रात्री.

गॉल फोर्ट हॉटेल चर्च स्ट्रीटवरच आहे. डच काळातलं व्यापाऱ्याचं घर, मधोमध चौक, चौकात लांबट तलाव, भोवती खांबांची ओसरी. आपल्याकडच्या वाड्यात वावरलेल्याला ही रचना लगेच उमगते. या जीर्णोद्धाराला २००७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. खोल्या मोजक्या आणि एकीसारखी दुसरी नाही. म्हणून ‘डबल रूम’ एवढं सांगून आरक्षण करू नका, नेमकी कोणती खोली ते विचारून घ्या.

फोर्ट बझारही त्याच रस्त्यावर, सतराव्या शतकातल्या व्यापारी घरात. खोल्या १८, मांडणी आजच्या पद्धतीची. जुनेपणाची हौस बेताची आणि न्हाणीघर नवं हवं, असा हिशेब असणाऱ्यांनी हे निवडावं. आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्या जोडप्याने इथे दोन रात्री काढाव्यात आणि उरलेले पैसे जेवणावर खर्चावेत.

तटाबाहेर, किल्ल्यापासून दोनेक किलोमीटरवर, जेटविंग लाइटहाउस आहे. वास्तुकार जेफ्री बावा यांचं १९९० च्या दशकातलं काम. आत शिरताच गोल जिना लागतो आणि त्याच्या कठड्यावर पोर्तुगीज-सिंहली लढाईची धातूची शिल्पं, लाकी सेनानायके यांनी घडवलेली. समोर सतत फुटणाऱ्या लाटा, पण किनारा खडकाळ. पोहायचं ते तलावात. मुलं बरोबर असतील, मोकळी जागा आणि वाहनतळ हवा असेल तर हेच बरं. किल्ला टुकटुकने, म्हणजे रिक्षाने, काही मिनिटांवर.

जुन्या घरांतले त्रास ठरलेले असतात. भिंती जाड, चुन्याच्या आणि प्रवाळी दगडाच्या. त्यामुळे आत गारवा राहतो, पण वायफाय अडतं आणि खाऱ्या हवेने कोपऱ्यात ओल धरते. वारसा इमारतीत लिफ्ट बसवणं अवघड, म्हणून गुडघे दुखणारे आईवडील बरोबर असतील तर ‘तळमजला’ असं लेखी मागा. तळमजल्यावर चौकाकडे तोंड असलेली खोली मिळाली तर रात्रीच्या जेवणाची कुजबुज दाराशी येते आणि पडदे ओढून बसावं लागतं. रस्त्याकडची मिळाली तर पहाटे कावळे, मग टुकटुक. वरच्या मजल्यावरची, मागच्या बाजूची खोली सगळ्यात शांत. फक्त लाकडी फरशी करकरते.

दर पाहताना आकड्यामागे ‘++’ आहे का ते बघा. असेल तर वर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यासकट रकमेवर १८ टक्के व्हॅट, म्हणजे २०० डॉलरची खोली सुमारे २६० ला पडते. शिवाय किरकोळ उपकर. डिसेंबर ते मार्च हवा कोरडी आणि दर चढे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, समुद्र खवळलेला, दर उतरलेले. या दिवसांत तटाआतला मुक्काम जास्त परवडतो, कारण समुद्रात जायचा प्रश्नच नसतो. पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’च्या दिवशी, देशभर दारूविक्री बंद. लग्नाचा वाढदिवस साजरा करायचा असेल तर तारीख पंचांगात तपासा.

विमानतळावरून द्रुतगती मार्गाने गाडीला दोन-अडीच तास लागतात. विमान पहाटे उतरणार असेल तर हॉटेलकडून लवकर खोली मिळेल याची आशा कमी. मोजक्या खोल्या आदल्या रात्रीच्या पाहुण्यांनी भरलेल्या असतात. रेल्वेने यायचं तर ‘कोलंबो फोर्ट’ स्थानकातून गाडी धरा. हा फोर्ट वेगळा बरं का! गॉलकडे जाताना उजवीकडच्या खिडकीत बसा, समुद्र त्याच बाजूला. गॉल स्थानकापासून किल्ल्याचं दार चालत दहाएक मिनिटांवर.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. नारळाच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलमध्ये, बहुधा सुका मासा असतो. ‘उंबलकड नको’ असं नाव घेऊन सांगा. माशाच्या कालवणातला गोरका आपल्या कोकमाचा भाऊबंद, त्यामुळे मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला इथलं जेवण परकं वाटणार नाही.

तटावर सावली नाही. फेरी सकाळी सहाला किंवा संध्याकाळी साडेचारनंतर काढा. रेंगाळत दीड तास. क्लॉक टॉवरजवळच्या बुरुजावरून क्रिकेटचं मैदान थेट खाली दिसतं. मुरलीधरनचा ८०० वा कसोटी बळी २०१० मध्ये इथलाच, आणि २०१५ मध्ये अजिंक्य रहाणेने एका कसोटीत ८ झेल टिपले तेही इथेच. कसोटी सामना असेल त्या आठवड्यात मात्र खोल्या आधी भरतात, तेव्हा सामन्यांचं वेळापत्रक पाहूनच तारखा पक्क्या करा.