सूर्यकिरण की सारंग: कॅमेरा कुणासाठी सज्ज करायचा?

भारतीय हवाई दलाची हवाई कसरती करणारी ही दोन्ही पथकं एकाच दिवशी बघायला मिळाली तर उत्तमच. पण दोन्हीपैकी एकच गाठता येणार असेल, किंवा हाताशी लेन्स एकच असेल, तर आधी ठरवून निघावं.

सूर्यकिरण १९९६ चं, तळ बिदर. २०११ पर्यंत ते किरण मार्क २ ही जेट विमानं उडवायचं. मधल्या खंडानंतर हॉक मार्क १३२ आलं, आता नऊ विमानं. सारंग २००३ चं, तळ कोइमतूरजवळचं सुलूर. मोर रंगवलेली ध्रुव हेलिकॉप्टरं, चार किंवा पाच.

पहिल्यांदाच बघणार असाल तर सूर्यकिरण, यात आम्हाला शंका नाही. नऊ जेट एकमेकांपासून पाचेक मीटरवर राहून एकसंध कलतात, तो क्षण नुसत्या डोळ्यांनी बघण्याचा आहे. धुराचा बदाम काढतात तेव्हा तर मोबाइलची रुंद लेन्सच कामी येते. लांब लेन्स इथे अडचण करते: ५०० मीटरवर ४०० मिमीच्या लेन्समधून फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात जेमतेम ४५ मीटर रुंदी मावते. हॉकचे पंखच सुमारे १० मीटर, त्यामुळे नऊंची रचना कडेला कापली जाते. १००–४०० झूम असेल तर २०० च्या आसपास ठेवा, शटरचा वेग १/१६०० सेकंद.

समोरासमोरची दोन विमानं एकमेकांना छेदतात तो फोटो बहुतेकांचा हुकतो. प्रत्येकी ताशी ६०० किमी धरले तरी दोघांमधलं अंतर सेकंदाला ३३० मीटरने घटतं. सेकंदाला १० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन फ्रेममध्ये ३३ मीटर निघून जातात आणि हॉक आहे साडेबारा मीटर लांब! म्हणून दोन्ही विमानं दिसताच बटण दाबून धरा, एकाच विमानाचा पाठलाग करा, ती एकमेकांना ओलांडेपर्यंत सोडू नका. आवाजाच्या दिशेने बघू नका. एक किलोमीटरवरून आवाज पोचायला तीन सेकंद लागतात, तोवर विमान अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

सारंग हळू आणि जवळून जातं, नजरेला पुरतं. नवख्याला फ्रेममध्ये धरणं सोपं, पण शटर कठीण. १/१६०० ला पाती गोठतात आणि हेलिकॉप्टर दोरीने टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. मुख्य रोटर सेकंदाला पाचेक फेरे घेतो. १/१२५ ला प्रत्येक पातं पंधरा अंश सरकतं, छान फिरल्यासारखं उमटतं. मात्र एवढ्या संथ शटरला हात हलला की सगळंच पुसट. सुरुवात १/२५० ने करा, काही फोटो धारदार आले की १/१२५ कडे खाली या. मोबाइलच्या व्हिडिओत पाती वाकडी दिसतात. तो सेन्सरचा दोष, हेलिकॉप्टरचा नव्हे.

आभाळ भरलेलं असेल तर आमचं मत बदलतं. ढग खाली आले की जेटना उभे लूप (आभाळातली वर्तुळं) वगळून आडव्या कसरतींवर भागवावं लागतं, शिवाय पांढऱ्या ढगावर पांढरा धूर विरून जातो. अशा दिवशी सारंग. फक्त उजळ ढगापुढे हेलिकॉप्टरांचा लाल रंग काळा पडतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ करा.