हर्पिस मुळापासून घालवतो म्हणाले आणि 23,699 घेऊन गेले

चार महिने लाजेपोटी गप्प होतो. पण ह्या लोकांचा धंदा चालतो तोच आपल्या लाजेवर, म्हणून आता बोलतोय.

ताप, जांघेत अवधाण, लघवीला आग आणि नको त्या जागी पाण्याने भरलेले बारीक फोड. डॉक्टरांनी फोडातलं पाणी पीसीआरला (व्हायरस ओळखणारी लॅब टेस्ट) पाठवलं, हर्पिस सिम्प्लेक्स टाईप 2 निघाला. व्हायरसवरची गोळी असायक्लोव्हिर 400, दिवसातून तीनदा, दहा दिवस. पूर्ण जाईल ना विचारलं तर मान वर न करता म्हणाले, व्हायरस आयुष्यभर राहतो, आणि पुढच्या पेशंटला हाक. असं ऐकून घरी आलेला माणूस रात्री दोनला मोबाईलवर 'कायमचा इलाज' शोधणारच ना? मी काही अडाणी नाही हो, घाबरलो होतो.

तिथे सापडलेल्या इलाजवाल्यांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न काय, तर फोड येऊन किती दिवस झाले. आता कळतंय का विचारला ते. हे फोड आपले आपण सुकतात, पहिल्या वेळी दोन ते चार आठवडे, पुढे त्याहून लवकर. विकणाऱ्याने फक्त वेळ साधायची. 4,999 भरले, बाटल्या आल्या, आठव्या दिवशी खपल्या धरल्या आणि मी वर त्यांनाच थँक्यू पाठवला, असायक्लोव्हिर चालू होतं ते सोयीस्कर विसरून.

मग 12,500 चा 'मुळावरचा कोर्स'. त्याआधी त्यांनी एका 'बऱ्या झालेल्या' पेशंटचे दोन रिपोर्ट पाठवले, आधीचा पॉझिटिव्ह, नंतरचा निगेटिव्ह. मी झूम करून बघितले. पहिल्यावर आयजीजी होतं, दुसऱ्यावर आयजीएम. दिसलं मला! डोळ्यांनी दिसलं! म्हटलं लॅब वेगळी असेल, लिहायची पद्धत वेगळी असेल. रक्तातल्या दोन वेगळ्या अँटीबॉडींच्या दोन वेगळ्या टेस्टच त्या, आणि हर्पिससाठी आयजीएम तर भरवशाची धरतच नाहीत. त्या एका अक्षरापाशी थांबलो असतो तर पुढचे 18,700 वाचले असते. अजून रात्री तो फोटो काढून बघतो.

तिसऱ्या महिन्यात आधी मुंग्या, दुसऱ्या दिवशी फोड. फोन केला तर म्हणे विष बाहेर पडतंय सर, मिसेसचाही कोर्स करा, नाहीतर तिच्याकडून परत येणार. 6,200. भरले. कसलं विष, व्हायरस कमरेखाली मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत झोपून असतो, जागा होऊन वाढायला लागला की असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या त्याला आवरतात, झोपलेल्याला काहीच करू शकत नाहीत. म्हणून मुंग्या आल्या की लगेच गोळी, फोडाची वाट बघायची नाही.

सगळ्यात राग ह्याचा की 'तुम्ही निगेटिव्ह झालात' म्हणाले म्हणून मी काळजी घेणं सोडलं. फोड नसतानाही हा पसरतो. कंडोमने धोका कमी होतो, जात नाही. रोज व्हॅलासायक्लोव्हिर (असायक्लोव्हिरच्याच जातीची गोळी) घेतलं तर जोडीदाराला लागायची शक्यता साधारण निम्म्यावर येते, हे दुसऱ्या डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं, पहिल्यांनी दोन मिनिटं दिली असती तर? बायकोला अजून काही दिसलेलं नाही, पण बहुतेकांना दिसतच नाही. आणि ओठावर येतो तो टाईप 1 तर 50 वर्षांखालच्या दर तिघांत साधारण दोघांना असतो, एवढं तोंड लपवण्यासारखं काय होतं मला?

बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. पोलिसांकडे तर चार माणसांत मोठ्याने वाचलं, "हर्पिस म्हणजे नागीण का हो?" नाही साहेब, नागीण कांजिण्यांच्या व्हायरसने होते, हे वेगळं, आता हे पण मीच शिकवू? मग म्हणे तो नंबर आमच्या हद्दीतला नाही. औषधांची तक्रार घेणाऱ्या ऑफिसात बिल मागितलं, बिलावर 'वेलनेस किट', म्हणजे म्हणे औषधच नाही, आमच्याकडे येत नाही. तीन चकरा, तीन अर्ज. बाटलीवर घटक, बॅच नंबर काही नसेल तर ती उघडूच नका, आणि 'सर, गुप्तता ठेवू' म्हणणाऱ्याला आपलं नाव-पत्ता तर अजिबात देऊ नका, मी पैसे परत मागितले तेव्हा घरी फोन लावू का विचारलं त्यांनी.

गेल्या आठवड्यात अर्जाचं उत्तर आलं. कागदपत्रं अपुरी, आजाराचा मूळ रिपोर्ट जोडावा. जोडला की तो टेबलाटेबलावर फिरणार. अजून जोडलेला नाही.