नेट अडलं की आधी पिंग की ट्रेसर्ट?

खानापुरात पावसाळ्यात नेट गेलं की उतारा काढायला आलेली माणसं दुकानाच्या बाकावर ताटकळतात. कनेक्शनवाल्याला फोन केला तर ठरलेलं उत्तर मिळतं, "राऊटर बंद करून चालू करा." बिघाड आपल्याकडे की त्यांच्याकडे, हे विंडोजच्या काळ्या स्क्रीनवर, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवर, दोन मिनिटांत कळतं.

एकच कमांड शिकणार असाल तर पिंग शिका. १९८३ मध्ये माइक मूस यांनी ती लिहिली. पलीकडचं यंत्र उत्तर देतं का आणि किती मिलिसेकंदांत, एवढंच ती सांगते. क्रम मात्र चुकवू नका. आधी राऊटर (त्याचा पत्ता आयपीकॉन्फिग या कमांडमध्ये 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१), मग ८.८.८.८ (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता), शेवटी वेबसाइटचं नाव. राऊटरच गप्प असेल तर दोष आपल्या वायरचा किंवा वायफायचा. राऊटर बोलतो पण ८.८.८.८ नाही, तर लाइन बाहेर अडली. तिथपर्यंत ठीक आणि नावच सापडत नसेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. तेव्हा एनएसलुकअप या नाव शोधणाऱ्या कमांडला साइटच्या नावापुढे ८.८.८.८ देऊन विचारा. उत्तर आलं तर सेटिंगमध्ये डीएनएस बदला, काम चालू होतं. आयपीकॉन्फिगमध्ये आपला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ताच दिलेला नाही, पुढे पिंग करून उपयोग नाही.

बरेच सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून एक साइट गप्प आहे एवढ्यावरून ती बंद म्हणू नका.

ट्रेसर्ट वाटेतला एकेक टप्पा दाखवतं, प्रत्येक टप्प्याला तीन वेळा विचारून. लोक ते आधी चालवतात आणि मधल्या चांदण्या (*, म्हणजे त्या टप्प्याने उत्तर दिलं नाही) बघून घाबरतात. पुढचे टप्पे उत्तर देत असतील तर त्या चांदण्यांना अर्थ नाही. बाकी सगळं चालतं आणि एकच साइट अडते, तेव्हा ट्रेसर्ट खरं कामाला येतं.

नेट मध्येच येतं-जातं तेव्हा पाथपिंग, ते कुठल्या टप्प्यावर किती उत्तरं हरवतात ते मोजतं. पण ते प्रत्येक टप्प्याला सुमारे २५ सेकंद घेतं, दहा टप्प्यांना चार मिनिटांवर. गिऱ्हाईक समोर असताना मी ते चालवत नाही. दोन खिडक्या उघडतो, एकीत राऊटरला आणि दुसरीत ८.८.८.८ ला 'पिंग मायनस टी' (ping -t, थांबवेपर्यंत विचारत राहणारं पिंग) लावतो. उत्तर कुठल्या खिडकीत तुटतं ते बघायचं, कंट्रोल-सीने थांबवायचं. गेल्या पावसात फोनवर मी एवढंच सांगितलं, "राऊटर उत्तर देतोय, ८.८.८.८ देत नाही." त्या वेळी राऊटर बंद करायला कोणी सांगितलं नाही, दुपारी लाइनमन आला.