रोइंग मशीन घेताय? आधी ड्रॅग फॅक्टर दाखवायला सांगा

जाहिरातीचा साचा ठरलेला आहे. ‘कन्सेप्ट टू रोइंग मशीन, मॉडेल डी, जेमतेम वापरलेलं, पोस्टिंग आल्यामुळे तातडीने विकणे आहे.’ किंमत पस्तीस-चाळीस हजार. नाव वल्हवल्यासारखा व्यायाम देणारं या कंपनीचं नवं मशीन आपल्याकडे लाखाच्या वर जातं आणि चांगल्या अवस्थेतलं जुनं मशीनही कोणी मातीमोल सोडत नाही. हे ज्याला ठाऊक नाही, तो लगेच फोन उचलतो.

पलीकडचा माणूस लष्करात असल्याचं सांगतो. ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो न मागता पाठवतो. जुन्या फर्निचरपासून स्कूटरपर्यंत सगळ्या जाहिरातींत ही थाप चालते, पण रोइंग मशीनच्या बाबतीत ती जास्त खपते, कारण लष्कर आणि रोइंग यांचं नातं खरंच आहे. दापोडीला सीएमईच्या, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात आर्मी रोइंग नोड हे लष्कराचं रोइंग प्रशिक्षण केंद्र आहे. रिओ ऑलिंपिकला गेलेला आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक मिळवणारा नाशिक जिल्ह्यातला दत्तू भोकनळ लष्करातच घडला. त्यामुळे फौजीकडे रोइंग मशीन असणार, हे पुण्या-नाशिकच्या माणसाला चटकन पटतं.

मग मशीन बघायला येतो म्हटलं की कॅम्पात बाहेरच्यांना प्रवेश नाही. मशीन ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’ने घरपोच येईल, फक्त गेट पासचे दोन-अडीच हजार आधी भरा. ते भरले की खोक्याचा फोटो येतो, वर तुमचं नाव चिकटवलेलं. मग विम्याचे पैसे, मग जीएसटी, आणि प्रत्येक रक्कम ‘रिफंडेबल’. माणूस वैतागून पैसे परत मागतो तेव्हा शेवटचा डाव पडतो: हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पिन टाकला की उरलेसुरलेही गेले. मशीन विकणाऱ्यांनाही हेच क्यूआर ‘खरेदीदारां’कडून येतात.

फोटोंवर विसंबू नका, ते कुठूनही उचलता येतात. व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि कॉल चालू असताना एक काम करून मागा. मॉनिटरच्या मेनूत ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर’ निवडा, पंख्याच्या बाजूची, हवा कमी-जास्त आत घेणारी डँपरची कडी १ वर ठेवून दहा स्ट्रोक मारा, मग १० वर नेऊन आणखी दहा. आकडा चढलेला दिसला पाहिजे. मशीन समोर नसलेल्या माणसाला हे दाखवता येत नाही, तो ताबडतोब नेटवर्कची तक्रार सुरू करतो.

हा ड्रॅग फॅक्टर म्हणजे काय हे नीट कळलं की पुढच्या निम्म्या फसवणुका आपोआप उघड्या पडतात. तुम्ही हँडल सोडून पुढे सरकता तेव्हा फ्लायव्हील, म्हणजे आतलं पंख्याचं चाक, हवेच्या विरोधामुळे मंदावतं. ते किती वेगाने मंदावतं हे मॉनिटर दर स्ट्रोकला मोजतो, तोच ड्रॅग फॅक्टर, आणि त्यावरून तुम्ही खरं किती काम केलं ते काढतो. म्हणून डँपर ३ वर असो की ८ वर, २ मिनिटांत ५०० मीटर म्हणजे सारखंच काम. मुंबईच्या मशीनवरचा वेळ बोस्टनच्या मशीनवरच्या वेळेशी ताडून बघता येतो तो याच मोजणीमुळे. डँपर हा ताकदीचा गिअर नव्हे, तो फक्त हवेची खिडकी लहान-मोठी करतो.

याच आकड्यावरून मशीनची निगाही कळते. स्वच्छ मशीनला डँपर १० वर आकडा साधारण २००च्या आसपास जातो, ५ वर १२० ते १३० मिळतो. १० वर जेमतेम १४० दिसत असेल तर जाळीच्या आत धुळीचा थर बसलाय. तो साफ करता येतो, त्यासाठी सौदा मोडायची गरज नाही. पण ‘रोज पुसून ठेवलंय’ म्हणणारा खोटं बोलतोय हे कळलं आणि किंमत पाडायला मुद्दा मिळाला.

प्रत्यक्ष बघायला गेलात तर आधी साखळी. हँडल शेवटपर्यंत ओढा आणि सावकाश पुढे न्या. साखळी सरळ रेषेत आत गेली पाहिजे. मधेच एखादी कडी वाकडी उभी राहत असेल तर ती गंजून आखडली आहे. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत हे फार होतं, कारण वापराच्या दर पन्नास तासांनी साखळीला तेलाचा हात लावायचा असतो आणि तो कोणी लावत नाही. हँडल साखळी आत जाते त्या तोंडाशी घट्ट बसण्याऐवजी लोंबत असेल तर आतली लवचिक दोरी सैल झाली आहे, ती ताणता किंवा बदलता येते. सीटखालच्या रुळावरून बोट फिरवा. काळा मळ पुसला जातो, पण स्टीलच्या पट्टीत खळगे लागले तर सीट कायमची ठेचकाळत जाणार. शेवटी मॉनिटरच्या मागचं झाकण उघडा. त्यात दोन मोठे डी सेल असतात. वर्षानुवर्षं तसेच राहिले की पाझरतात आणि टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमते. ‘सेल संपलेत, म्हणून सुरू होत नाही’ असं सांगितलं तर दोन सेल खिशातून काढून तिथेच घाला.

मॉनिटरच्या नावातही खपवाखपवी चालते. जाहिरातीत नवा पीएम५, जागेवर जुना पीएम३. ओळख सोपी आहे: पीएम५ला पडद्यामागे उजेड असतो, पेन ड्राइव्हची यूएसबी खाच असते आणि तो ब्लूटूथने फोनवरच्या अर्गडेटा अ‍ॅपला जोडला जातो. पीएम३मध्ये यातलं काही नाही. ‘युटिलिटीज’मध्ये ‘प्रॉडक्ट आयडी’ उघडून मॉनिटरची माहिती बघा, पण तेवढ्यावर मशीनचं वय ठरवू नका. मॉनिटर दोन मिनिटांत बदलता येतो. व्यायामशाळेत वर्षानुवर्षं रगडलेल्या सांगाड्यावर नवा मॉनिटर बसवून ‘घरगुती वापर’ म्हणून विकणं काही अवघड नाही. साखळी, रूळ आणि पावलांचे पट्टे काय सांगतात तेच खरं.

आता नव्या मशीनची गोष्ट. ‘अगदी कन्सेप्ट टूसारखंच, निम्म्या किमतीत.’ दिसायला तसंच: पंखा, साखळी, १ ते १० आकड्यांची कडी. स्वस्त मशीन घेण्यात गैर काहीच नाही, घाम त्यावरही तेवढाच येतो. फसवणूक ‘सारखंच’ या शब्दात आहे. एक हिशेब पाठ करून दुकानात जा. ५०० मीटरला २ मिनिटांच्या गतीला खरा मॉनिटर सुमारे २०३ वॅट दाखवतो, अडीच मिनिटांच्या गतीला सुमारे १०४. वेग थोडा वाढला तरी ताकद घनाच्या पटीत लागते, त्यामुळे हे नातं पक्कं असतं. समोरचा मॉनिटर अडीच मिनिटांना दीडशे वॅट दाखवत असेल तर त्यावरचे मीटर दुसऱ्या कुठल्याही मशीनशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

चुंबकी मशीन तपासणं तर फारच सोपं आहे. लेव्हल १ वर मिनिटाला २४ स्ट्रोकच्या लयीत एक मिनिट मारा, मीटर लिहून ठेवा. मग सगळ्यात वरच्या लेव्हलवर त्याच लयीत, तेवढंच लांब ओढत एक मिनिट. दम दुप्पट लागला आणि मीटर तेवढेच आले, तर तो मॉनिटर चाकाचे फेरे मोजून ठरलेल्या आकड्याने गुणतोय, दुसरं काही नाही. फेरफार केलेल्या रिक्षाच्या मीटरमध्ये आणि यात फारसा फरक नाही. तेलाच्या पिस्टनवर चालणाऱ्या छोट्या मशीनची खोड वेगळी: दहा-पंधरा मिनिटांत तेल तापतं आणि ओढ हलकी पडते. म्हणून दुकानदार दोन मिनिटांचीच चाचणी देतो. वीस मिनिटं मागा. आणि उंच माणसाने सीट मागे नेऊन पाय पूर्ण सरळ होतात का ते पाहावं, आखूड रुळाची मशीनं ‘सर्वांसाठी’ म्हणूनच विकली जातात.

ऑनलाइन कोचिंगमध्ये रक्कम लहान असते, नुकसान मात्र जास्त. ‘१२ आठवड्यांत १२ किलो, रोइंग आणि फंक्शनल ट्रेनिंग, ताशी १००० कॅलरी.’ हा हजाराचा आकडा हवेतून आलेला नाही. मॉनिटर ताशी कॅलरी काढतो ती वॅटला ३.४४ ने गुणून त्यात ३०० मिळवून. म्हणजे हजारासाठी तासभर २०३ वॅट हवेत, सलग दोन मिनिटांची गती, पंधरा किलोमीटर. नवशिक्याला हे झेपत नाही. तो १०० वॅटवर असतो, त्याला ६४४ दिसतात. त्यातले ३०० हे ७९ किलोच्या माणसाचं वजन धरून घातलेले असतात. ५५ किलोच्या बाईने त्यातून आणखी ९२ वजा करायचे. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी. बारा आठवड्यांत बारा किलो म्हणजे रोजची ११०० कॅलरींची तूट. निव्वळ मशीनवर ती काढायची तर १०० वॅटने, मॉनिटरचाच आकडा खरा मानून, रोज सुमारे पावणेदोन तास, एकही सुट्टी न घेता. पैसे भरण्याआधी हा हिशेब कोचसमोर ठेवा आणि काय उत्तर येतं ते ऐका.

पैसे भरल्यावर मिळते ती पीडीएफ. त्यातले व्यायाम बहुतेकदा कन्सेप्ट टूच्या संकेतस्थळावरून उचललेले असतात. तिथे रोजचा व्यायाम फुकट मिळतो, नोंदवही फुकट आहे, अर्गडेटाही फुकट आहे. उचलेगिरी एक वेळ परवडली, पण स्वतःची भर घालतात ती महागात पडते: ‘डँपर १० वर ठेवा, ताकद वाढेल.’ वर मिनिटाला तीसची लय, रोज २००० मीटर पूर्ण जोराने, वीस वर्षांच्या मुलाला आणि पंचावन्नच्या गृहस्थांना एकच तक्ता. नवशिका जड ओढीला पाय ढकलण्याआधीच पाठ उघडतो आणि काही दिवसांत कंबर धरून बसतो.

खरा कोच पहिल्या भेटीत पैशांआधी वय, उंची, वजन, कंबरेचं जुनं दुखणं, रक्तदाब आणि मशीन कुठलं हे विचारतो. बाजूने घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ मागतो. पाय, मग पाठ, मग हात, आणि परतताना उलट क्रम हे बघतो. हँडल गुडघ्यांपलीकडे जाण्याआधीच गुडघे वर येत असतील तर तेच आधी सुधारतो. तक्त्यात लय लिहिलेली असते. नवशिक्याचा आठवडा साधारण असा: एक दिवस ३० मिनिटं १८ ते २० च्या लयीत, बोलता येईल इतक्या दमाने; एक दिवस १० मिनिटांचे तीन तुकडे २२ च्या लयीत, मधे २ मिनिटं विश्रांती; एक दिवस ५०० मीटर चार वेळा, मधे ३ मिनिटं. ड्रॅग फॅक्टर ११० ते १३०. उरलेल्यातले दोन दिवस वजनांचे: स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट, एका पायावरचे लंज, प्लँक, प्रत्येकी तीन सेट. आणि जोर (पुश-अप) हवेतच, कारण रोइंगमध्ये हात फक्त ओढतात, ढकलत नाहीत. ज्या ‘रोइंग आणि फिटनेस’ तक्त्यात ढकलण्याचा एकही व्यायाम नाही, तो करणाऱ्याने मशीनवर बसून पाहिलेलं नाही.

पैसे गेलेच असतील तर बोलणी करत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार गेली तरच ती गोठवली जाण्याची शक्यता असते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा. चॅट रागाच्या भरात पुसू नका. नकली माल किंवा न मिळालेली सेवा असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि तिथे निपटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. बिलावर ‘रोइंग मशीन’ एवढंच लिहू देऊ नका. कंपनी, मॉडेल, मॉनिटर आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आयोगापुढे तोंडी ‘सारखंच आहे’ला किंमत नसते. आणि तक्रारीनंतर ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला, तर तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.