ब्लॉक बदलल्याचे ४२,५०० घेतले, भोकात इपॉक्सी भरली

इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य धातूचा सांगाडा, बदलला असं सांगून कोणी पैसे मागितले, तर आधी बॉनेट उघडायला लावा आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. तो नंबर ब्लॉकवरच ठोकलेला असतो. हे मला त्या वेळी माहीत असतं तर ४२,५०० रुपये वाचले असते.

चोर्ला घाटात गाडी तापली आणि हेड गॅस्केट गेलं, म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधला सील फुटला. गोव्यात म्हापशाकडच्या एका गॅरेजात टाकली. तक्रार चालू आहे, म्हणून नाव देत नाही. हेड उतरवल्यावर मेस्त्रीने बोलावून घेतलं आणि ब्लॉकमधली हेड-बोल्टची दोन भोकं दाखवली. बोल्टाबरोबर ॲल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर आले होते. ते मी डोळ्यांनी बघितलं, तिथवर तो खरं बोलत होता. मग म्हणाला, "पात्रांव (मालक), आटे गेले म्हणजे ब्लॉक गेला. ह्याला इलाज ना. सेकंडहँड ब्लॉक बेळगावहून मागवतो."

इलाज नाही, हे पहिलं खोटं. गेलेल्या आट्यांवर इलाज आहे आणि तो जुना आहे. भोक थोडं मोठ्या मापाने, अगदी सरळ ड्रिल करायचं, त्यात खास टॅप मारायचा आणि हेलिकॉइल म्हणजे स्टीलच्या तारेची गुंडाळी फिरवत आत बसवायची. तिच्या आतल्या बाजूला मूळ मापाचेच आटे तयार मिळतात, बोल्ट तोच चालतो. ॲल्युमिनियममध्ये असे आटे मूळ आट्यांपेक्षाही पक्के बसतात. तुमचा मेस्त्री "हेलिकॉइल टिकत नाही" म्हणाला तर गाडी उचलून दुसरीकडे न्या.

चिठ्ठीवर लिहिलेलं जसंच्या तसं देतो: सेकंडहँड ब्लॉक २४,०००, गॅस्केट सेट ४,८००, नवे हेड-बोल्ट २,२००, हेड फेसिंग १,५००, ऑइल-कूलंट ३,६००, मजुरी ६,४००. त्यातले १५,००० ॲडव्हान्स यूपीआयने दिले, उरलेले २७,५०० त्याने रोख मागितले. रोख मागितले की तिथेच थांबा. आणि जीएसटी नंबर नसलेल्या चिठ्ठीला बिल म्हणू नका.

गाडी ताब्यात घेताना मी स्वतः विचारलं होतं, "ब्लॉक बदललाय, तर आरटीओत नोंद करावी लागेल ना?" तो म्हणाला, "काय गरज ना, नंबर तोच आहे." नंबर तोच आहे! दुसऱ्या गाडीच्या ब्लॉकवर माझ्या गाडीचा नंबर कुठून येणार? चोराने स्वतःच्या तोंडाने कबुली दिली आणि ती माझ्यासमोरून निघून गेली. रात्री झोपताना अजून तेच वाक्य कानात वाजतं. पण मी प्राथमिक शाळेत शिकवतो, इंजिनं उघडत नाही. बाबांना डायलिसिससाठी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं होतं, भाड्याच्या टॅक्सीत पैसे चालले होते. अशा वेळी गाडी चालू झाली की माणूस चावी घेऊन निघतो. माझ्या जागी कोणीही निघाला असता. जुना ब्लॉक मात्र मागून घ्या. मी मागितला तेव्हा "भंगारवाल्याने नेला" म्हणाला. जो कधी निघालाच नव्हता, तो भंगारात कसा जाणार?

महिनाभरात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) उतरायला लागलं, ऑइल दुधाळ झालं, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळत होतं. फोंड्याच्या एका लेथवाल्याकडे हेड पुन्हा उतरवलं. एक बोल्ट पाना न लावता बोटांनी फिरला. त्याच्याबरोबर करड्या इपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या गोंदाचा, भुगा आला. हेड-बोल्टवर टनांत मोजावा असा ताण असतो, त्यात इंजिन रोज तापतं आणि निवतं. तिथे इपॉक्सी! बोल्ट जुनेच होते. फेसिंगही (हेडचा तळ घासून सपाट करणं) केलेलं नव्हतं, जुन्या गॅस्केटचे पापुद्रे हेडला तसेच चिकटलेले. लेथवाल्याने दोन्ही भोकांत हेलिकॉइल बसवले. त्याचे किती घेतले? १,८०० रुपये. गॅस्केट, बोल्ट, ऑइल, मजुरी धरून सगळे १७,४००. बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, टप्प्याटप्प्याने आवळले आणि शेवटी अंशांत कोन मोजून फिरवले. पहिल्या गॅरेजात टॉर्क रेंच भिंतीवरसुद्धा दिसला नव्हता. तुम्ही आधी तो बघा.

आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेलो त्यांचं ऐका. पोलिसांनी भुग्याची पुडी हातातही घेतली नाही. "हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगाकडे जा." मी मराठीत लिहून नेलेला अर्ज परत केला, इंग्रजीत आण म्हणाले. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात सरकारी कामासाठी मराठीची तरतूद आहे, हे मला त्यांना सांगावं लागलं आणि ते ऐकून घेणाऱ्याने मान वर केली नाही. वाहतूक कार्यालयात तर कमाल झाली. "आमच्या नोंदीत इंजिन बदललेलं नाही, मग तुमची तक्रार काय?" अहो, बदललं नाही हीच तक्रार आहे! एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, तिथला माणूस जेवायला गेलेला. शेवटी कोणी तरी सल्ला दिला, "तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा." म्हापशातला एकही गॅरेजवाला दुसऱ्या गॅरेजाविरुद्ध सही करायला तयार नाही. तोंडी सगळे सांगतात, "तो असाच आहे." मग इतकी वर्षं सगळे गप्प का? लुटला जाणारा माणूसच पुरावा गोळा करणार, फोटो काढणार, कायदा वाचणार, आणि पगार घेणारे खिडकीत बसून फक्त पत्ता सांगणार?

फोंड्याच्या लेथवाल्याने मात्र स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं. त्या कागदावर ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवर आधी नोंद करून घ्या. हेड दुसऱ्यांदा उतरवाल तेव्हा बोल्ट काढण्याआधीपासून व्हिडिओ चालू ठेवा, माझ्याकडे फक्त नंतरचे फोटो आहेत. आणि त्याच गॅरेजातून कोणाच्या गाडीचा ब्लॉक "बदलून" आला असेल, तर आजच आरसी घेऊन खाली उतरा आणि नंबर बघा. तोच निघाला तर चिठ्ठी जपून ठेवा आणि मला कळवा, तक्रारी एकाहून जास्त झाल्या तर त्याला एकेकाला खोटं पाडता येणार नाही.