३०० जीएसएम हँडमेड कागद: फेब्रुवारी ते दिवाळी वापरल्यानंतर

या कागदाबद्दल मी मार्चमध्ये लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते, आणि ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर एकही नाही. आता दिवाळी उलटली, गठ्ठ्यातले थोडेच ताव उरलेत, आणि पेन्सिल, कोळसा, तेलखडू, जलरंग, शाई असं सगळं त्यावर वापरून झालंय. आता लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव घेत नाही. एक तर तक्रार अजून मिटलेली नाही, आणि मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही. कागद सुती, होजिअरीच्या कातरणापासून केलेला, कच्च्या किनारीचा, हाफ इम्पिरियल मापाचा (साधारण १५ बाय २२ इंच), अंगाने खरखरीत. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘वॉटरकलर’ लिहिलेलं. परदेशी कागदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत मिळाला, म्हणून एकदम मोठा गठ्ठा मागवला. मी रत्नागिरीत राहते, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना शिकवते. स्थिरचित्र आणि स्मरणचित्राच्या सरावाला किती कागद जातो हे शिकवणाऱ्यांना सांगायला नको.

उन्हाळ्यात कागद उत्तम चालला. सपाट वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, एकसारखा बसायचा, ओल्यावर ओला रंग सोडला तर तो हवा तेवढाच पसरायचा, चुकलेला भाग ओल्या ब्रशने उचलता यायचा. परदेशी कागदावर पैसे घालवायची गरज नाही असं मी तेव्हा वर्गातल्या पालकांना ठामपणे सांगत होते.

जुलैत बिघडलं. खाडीवरचं ढगाळ आकाश रंगवत होते. निळ्या-करड्या रंगाचा वॉश वरून खाली ओढत आणला, ओला होता तोवर सगळं ठीक. मग त्या करड्यात गडद ठिपके उमटायला लागले, काही मोहरीएवढे, काही अंगठ्याच्या ठशाएवढे. तेवढ्या जागी रंग कागदावर थांबलाच नव्हता, सरळ आत शिरला होता. ब्रशने उचलायला जावं तर निघेना. ताव उलटा केला, तर मागच्या बाजूला तेच ठिपके ओले दिसत होते. गठ्ठ्यातला दुसरा ताव घेतला, मधला घेतला, तळाचा घेतला. कमी-जास्त प्रमाणात सगळीकडे तेच. कोरडा कागद उजेडासमोर धरला तर काहीही दिसत नाही. पाणी लागेपर्यंत दोष लपून राहतो, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. दोन-तीन तास घालवून रेखाटन करायचं आणि पहिल्याच वॉशला चित्र जायचं.

याचं कारण सायझिंग, म्हणजे कागदाला दिलेली खळ. कागद मुळात तंतूंचा थर. त्याला खळ नसेल तर तो टीपकागदच. लगद्यातच खळ मिसळतात ती आतली, आणि तयार ताव जिलेटिनच्या किंवा स्टार्चच्या पाण्यात बुडवतात ती बाहेरची. जलरंगाच्या चांगल्या कागदाला बहुतेकदा दोन्ही देतात. जिलेटिन आणि स्टार्च दमट हवेत ओल धरतात, त्यांवर बुरशी पोसली जाते, आणि जिथे खळ मरते तिथे कागद पुन्हा टीपकागद होतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ते ३०० असो की ६००, खळ गेली की जाड टीपकागद हातात राहतो, इतकंच.

ही काही आज उघड झालेली गोष्ट नाही. इटलीतल्या फाब्रियानोच्या कारागिरांनी तेराव्या शतकात अरबांची स्टार्चची खळ सोडून जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरायला घेतला, कारण तिथल्या दमट हवेत स्टार्चचा कागद टिकत नव्हता. आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद व्हायचा, तोही खळ लावून दगडाने घोटलेला. जुन्या मोडी कागदांवरची बोरूची अक्षरं शतकं उलटली तरी काठाला धारदार दिसतात ती त्या खळीमुळे आणि घोटण्यामुळे. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली तेव्हापासून महाराष्ट्रात हातकागद चांगल्या रीतीने होतो आहे. असा वारसा असलेल्या राज्यात ३०० जीएसएमचा गठ्ठा विकणाऱ्याला खळ कसली आहे ते सांगता येऊ नये, हे मला पटत नाही.

आणि सांगता आलं नाहीच. विक्रेत्याच्या ग्राहकसेवेला ठिपक्यांचे फोटो पाठवले. उत्तर आलं, परतीची मुदत संपली. मी लिहिलं, परत नको, एवढंच सांगा की आत खळ कोणती आणि बाहेर कोणती. उत्तर आलं, मॅडम, आमचा कागद ३०० जीएसएम, ॲसिड-फ्री आहे. पुन्हा विचारलं, तर गठ्ठा उघडतानाचा व्हिडिओ मागितला. फोनवर जो मुलगा बोलला तो सभ्य होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्यासमोरच्या कागदावर सायझिंग हा शब्दच नव्हता. शेवटी ‘कागद कोरड्या जागी ठेवावा’ असा सल्ला आला. कोकणात जून ते सप्टेंबर कोरडी जागा कुठे असते ते त्यांनी येऊन दाखवावं. ही सूचना गठ्ठ्यावर छापलेली असती तर मी फेब्रुवारीत चार तावच घेतले असते.

ठिपक्यांची आणि ग्राहकसेवेची ही तक्रार ऑगस्टमध्येच वहीत उतरवली होती आणि रागाच्या भरात तशीच टाकणार होते. पुढे जे झालं त्यामुळे थांबले.

कागद फेकवेना. मोठ्या गठ्ठ्याचे पैसे मोजलेले, वाया कसा घालवायचा? म्हणून वर्गातल्या मुलांना त्यावर कोळसा वापरायला दिला. कॅम्लिनचा साधा चारकोल, जो कार्ट्रिज पेपरवर, म्हणजे चित्रकलेच्या साध्या कागदावर, हात लागला की उडून जातो, तो या कागदाने असा धरून ठेवला की मी एक ताव स्वतःसाठी ओढून घेतला. खळ गेल्यामुळे वरचे तंतू मऊ, मोकळे झालेले असतात. कोळशाची भुकटी त्यांच्यात बसते आणि मखमली काळा येतो, चमक नसलेला. फडक्याने झटकलं तर मधला करडा राहतो, त्यावर पुन्हा काळा चढवता येतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं स्थिरचित्र मी इतक्या वर्षांत इतक्या कमी खटपटीत कधी केलं नव्हतं. छापचित्रं काढणारे मुद्दाम कमी खळीचा कागद घेतात, त्यांना शाई आत ओढून घेणारा मऊ ताव हवा असतो. तोच गुण इथे कोळशाला कामी आला.

एक अट. या कागदावर खोडायचं नाही. कडक रबर चालवला की तंतू उपटून लव उभी राहते आणि तिथे पुढचा प्रत्येक थर डाग होऊन बसतो. मळून मऊ केलेलं पुटी रबर नुसतं टेकवून उचलायचं. दाबून केलेला, म्हणजे कॉम्प्रेस्ड, चारकोल तर अजिबात मागे येत नाही. त्याच्यात चिकटवणारं द्रव्य असतं; तो शेवटच्या काळ्यासाठीच राखावा.

सॉफ्ट पेस्टलचाही अनुभव चांगला. तेलखडूचा मध्यम: खरखरीच्या उंचवट्यांवर रंग बसतो आणि खळग्यांत पांढरे कण उरतात, ते बोटाने भरावे लागतात आणि खडू भराभर संपतो. शिवाय काही आठवड्यांनी मागच्या बाजूला तेलाची पिवळट सावली दिसायला लागली. विकायच्या चित्राला हा कागद तेलखडूसाठी घेऊ नका.

पेन्सिलीबद्दल माझं मत दोनदा बदललं. आधी एचबी आणि २बी घेऊन बसले आणि वैतागले. रेघ खरखरीवरून उड्या मारत जाते. एच गटातल्या पेन्सिली तर मऊ झालेल्या तावावर चर पाडतात आणि तो चर नंतर कशानेही भरत नाही. कोंते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये ग्राफाइटमध्ये चिकणमाती मिसळून पेन्सिलीचा कडकपणा हवा तसा ठरवायची रीत काढली, तेव्हापासून हिशोब सरळ आहे: माती जास्त तितकी शिसं कडक. या कागदावर ६बी आणि ८बी आडव्या धरून वापरल्या तर टोन सुंदर येतो, आणि कोळशाशेजारी ग्राफाइटची चमक वेगळी दिसते, तिचा उपयोग करून घेता येतो. बारीक काम हवं असेल तर मात्र गुळगुळीत हॉट प्रेस कागद घ्या, किंवा १५० जीएसएमचं साधं कार्ट्रिज. तिथे २एच पासून ४बी पर्यंत सगळ्या पेन्सिली आपापलं काम दाखवतात.

शाई? नाही. पावसाळ्यानंतरच्या तावावर फाउंटन पेनची शाई फुटते, रेघेला मुळं फुटल्यासारखी दिसतात. ब्रश पेनचं टोक खरखरीवर झिजून फाटतं, आणि ते टोक कागदापेक्षा महाग पडतं. शाईच्या सरावाला मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वापरते. घरोघरी पडून असतात, बहुतेक गुळगुळीत असतात, आणि त्यावर रेघ काठाला स्वच्छ उतरते. चकचकीत लेप असलेली पत्रिका मात्र पेन्सिलीला घेत नाही आणि शाई वाळायला फार वेळ लावते. खाकी कागद काळ्या-पांढऱ्या खडूला मस्त, मधला टोन फुकटात मिळतो. पण काही काळाने त्याचा रंग बदलतो आणि तो ठिसूळ होतो, म्हणून सरावापुरताच.

सप्टेंबरअखेर मी उरलेल्या तावांपैकी काहींना घरीच खळ दिली. एक लिटर पाण्याला वीस ग्रॅम बेकरीतलं साधं जिलेटिन. आधी थोड्या थंड पाण्यात अर्धा तास फुगवायचं, मग गरम पाण्याच्या भांड्यात पातेलं ठेवून विरघळवायचं. उकळी येऊ द्यायची नाही, जिलेटिनची ताकद जाते. कोमट असताना रुंद मऊ ब्रशने आडवा हात, वाळला की उभा हात, आणि दोरीवर चिमट्याला टांगायचा. वास येतो, खिडकी उघडी ठेवा. पहिल्या तावावर पट्टे उठले कारण पाणी गार होऊन घट्ट झालं होतं. नंतरच्यांना पातेलं गरम पाण्यातच ठेवून ब्रश बुडवत गेले आणि थर एकसारखा बसला. या तावांवर वॉश टाकला तर मोठे ठिपके गेले. बारीक मोहरीएवढे काही राहिले, ते झाडीत, खडकात लपतात. मोकळ्या आकाशाला हा कागद पूर्वीसारखा झालेला नाही. प्राण्यांपासून केलेलं नको असेल त्यांनी तांदळाची पातळ खळ लावली तरी शाई थांबते, पण तिला कसर लागते, तेव्हा ते चित्र काचेमागे बंद करणं आलं.

जलरंगासाठी हा गठ्ठा मी पुन्हा घेणार नाही. देशावर कोरड्या हवेत राहणाऱ्या आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवणाऱ्यांनी खुशाल घ्यावा. उन्हाळ्यातलं त्याचं काम मी पाहिलंय आणि या किमतीत ते चांगलं आहे. कोळशासाठी मी स्वतः घेईन, पण विक्रेत्याने तो वॉटरकलर पेपर म्हणून विकावा हे मला मान्य नाही. तारे तीन, आणि तिन्ही कोळशाचे.

कुठलाही जलरंगाचा कागद घेताना जीएसएम वाचून झाला की दोन गोष्टी करा. खळ आतली कोणती, बाहेरची कोणती ते विचारा. आर्श या फ्रेंच कंपनीच्या जलरंगाच्या कागदाला जिलेटिन असतं आणि ते उघड सांगितलेलं असतं; आपल्याकडच्यांनीही सांगायला हरकत नसावी. दुसरं, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब फुगून बसला आणि मिनिटभर तसाच राहिला तर खळ आहे. लगेच पसरून मागे ओला डाग दिसला तर नाही. दुकानात पाणी नसेल तर कोपरा जिभेच्या टोकाला लावा. बिनखळीचा कागद जिभेला चिकटतो. एका तावावर भरवसा ठेवू नका, गठ्ठ्याच्या वरचा, मधला आणि खालचा असे तीन ताव तपासा.

माझे खळ दिलेले ताव आता स्टीलच्या कोठीत झाकण घट्ट लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आहेत. बाहेरच्या कपाटातही मुद्दाम दोन ठेवलेत. पुढच्या ऑगस्टमध्ये दोन्हींवर एकच वॉश टाकून बघणार आहे आणि निकाल याच्याखाली लिहीन. तोवर कोणी दमट भागात राहून देशी सुती कागद दोन पावसाळे टिकवला असेल, तर कंपनी आणि साठवण्याची पद्धत दोन्ही कळवा. मला इंटरमिजिएटच्या पुढच्या तुकडीसाठी मार्चच्या आत कागद घ्यायचाय.